साठ पत्त्यांतली चार पाखरं

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी सातच्या बसने मी आणि माझा भाचा फोंड्याहून पणजीला निघालो. पाऊस आडवा येत होता. मांडीवरच्या पिशवीत प्लास्टिकचा एक डबा, डब्यात पंचाहत्तर पत्ते, आणि पिशवी ओली होऊ नये म्हणून तिच्यावर आईची जुनी साडी गुंडाळलेली. म्हार्दोळ गेलं, कुंडई गेलं, बाणस्तारीचा पूल आला तरी आमचं एकच चाललं होतं, बावीस लँड पुरतील की नाही. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी शेवटी मागे वळून विचारलं, "बाई, जमिनीचा व्यवहार काय?" भाच्याने त्यांना अगदी नीट समजावून सांगितलं की खेळातली जमीन आहे.

खेळाचं नाव मॅजिक: द गॅदरिंग. १९९३ साली अमेरिकेत विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. तो ज्याने रचला तो रिचर्ड गारफिल्ड मूळचा गणिती, कॉम्बिनेटोरिक्समध्ये, म्हणजे निवडी आणि मांडण्या मोजण्याच्या गणितात, डॉक्टरेट केलेला. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. भाच्याने हे सांगितलं नसतं तर कदाचित मी त्या पत्त्यांकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं.

आईचं माहेर सावंतवाडीचं. तिच्या माहेरी गंजिफाचा एक जुना संच होता, गोल, लाखेच्या रंगाने चकाकणारा. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने. लहानपणी तो आम्हाला हाताळायला मिळायचा नाही, फक्त बघायला मिळायचा. तिथे काय किंवा आमच्या बदाम सातमध्ये काय, संच सगळ्यांचा एकच. तो पिसायचा, वाटायचा, आणि मग नशीब. मॅजिकमध्ये मात्र प्रत्येक खेळाडू आपला संच घरून बांधून आणतो. हजारो पत्त्यांतून कमीत कमी साठ निवडायचे, एका नावाचे चारपेक्षा जास्त नाहीत, साध्या लँडना ही मर्यादा नाही. म्हणजे निम्मा खेळ टेबलावर बसण्याआधीच होऊन जातो, आणि मला ओढ लागली ती त्या निम्म्याची.

आम्ही खेळतो तो प्रकार पॉपर. यात फक्त 'कॉमन' म्हणून छापले गेलेले पत्ते चालतात, दुर्मीळ आणि महागडे बाद. बरीच वर्षं हा प्रकार कॉम्प्युटरवरच जास्त चालायचा, २०१९ मध्ये कंपनीने तो कागदी पत्त्यांसाठीही अधिकृत केला. माझ्यासारखीला हाच परवडतो. माझा पूर्ण डेक, म्हणजे बांधलेला संच, साधारण साडेतीन हजारांत उभा राहिला, तोही एकदम नाही. गोव्यात सुटे पत्ते मिळणं कठीण, मुंबईहून, बंगळुरूहून कुरियरने मागवायचे. एकदा चार मागवलेल्या पत्त्यांऐवजी भलतेच चार आले आणि ते बदलून मिळेपर्यंत महिना गेला.

इंटरनेटवर जिंकणाऱ्या डेकच्या याद्या तयार मिळतात. भाचा म्हणत होता, तशीच एक घे. मी घेतलीही होती, मे महिन्यात त्याच्याबरोबर पंधरा-वीस डाव खेळलेही. पण हरल्यावर मला काही सुचेना. हा पत्ता इथे का आहे, तीनच का, चार का नाहीत, हे ज्याने यादी केली त्याला ठाऊक. मुलं गाईडमधलं उत्तर उतरवून आणतात तेव्हा दुसरी पायरी विचारली की गप्प होतात, तसं माझं झालं. मग सगळे पत्ते जेवणाच्या टेबलावर पसरले आणि एकेकाला विचारत बसले, तू कशाला आहेस?

डेक लाल-पांढरा. त्याचा जीव एका पत्त्यात आहे, बॅटल स्क्रीच. चार माना, म्हणजे पत्ते खेळायला लागणारी शक्ती, खर्च केला की १/१ ची, म्हणजे एक ताकद आणि एक तग असलेली, दोन पांढरी उडती पाखरं मिळतात. पत्ता वापरून झाला की तो ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात, जातो, पण तिथून तो आणखी एकदा वापरता येतो, आणि त्यासाठी माना लागत नाही. आपले तीन उभे पांढरे प्राणी आडवे करायचे, बस. पत्ता आडवा करणं म्हणजे टॅप करणं, म्हणजे तो या खेपेला, या पाळीत, वापरून झाला. दोन पाखरं नुकतीच आलेली असतात, तिसरा एखादा आधीचा प्राणी असला की चौथ्या खेपेला चार पाखरं आकाशात. त्यांच्या जोडीला रॅली द पेझंट्स. हल्ला करणाऱ्या प्रत्येकाला +२, आणि हाही ग्रेव्हयार्डमधून पुन्हा वापरता येतो. चार पाखरं, प्रत्येकाची ताकद एक अधिक दोन अधिक दोन. चार पाचं वीस. समोरच्याचं आयुष्य सुरुवातीला बरोबर वीसच असतं. हा गुणाकार पहिल्यांदा जमला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी भाच्याला फोन करून उठवलं.

आणलेल्या यादीत वीस लँड होत्या. लँडमधून माना मिळतो, त्याशिवाय काहीच खेळता येत नाही. साठात वीस लँड असतील तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत दोनपेक्षा कमी लँड येण्याची शक्यता जवळजवळ २५ टक्के. चारातला एक डाव सुरू होण्याआधीच लंगडा. बावीस केल्या की तीच शक्यता १९ टक्क्यांवर येते. हे मी वहीत मांडलं, आणि मग वहीवर विश्वास न ठेवता पन्नास वेळा पत्ते पिसून सात-सात वाटून पाहिले. आई जपमाळ घेऊन समोर बसली होती. "एकटीच खेळतेस आणि एकटीच लिहितेस," म्हणाली. बावीस लँडचा निर्णय झाला आणि त्यासाठी दोन पत्ते बाहेर गेले. लाल आगीचे होते दोन्ही, मला फार आवडायचे. डेक बांधताना पत्ता घालणं कुणालाही जमतं, काढताना हात थांबतो.

पाखरांसाठी टोकन लागतात, म्हणजे पाखरू म्हणून टेबलावर मांडायला काहीतरी. आधी मी घरातल्या कवड्या घेतल्या होत्या, पण कवडी उभी की आडवी हे समोरच्याला कसं कळणार? मग बहिणीच्या धाकटीने लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर आठ खंड्ये काढून दिले. निळे, लाल चोचीचे. प्रत्येकाची शेपटी वेगळी, कारण तिच्या मते प्रत्येक खंड्या वेगळा असतो.

सांतिनेजच्या बाजूला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर स्पर्धा होती. आम्ही चौदाजण. कॉलेजची मुलं, दोन आयटीवाले, मडगावहून आलेले एक दंतवैद्य, आणि बायकांमध्ये मी एकटी. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका मुलाने मला दारातच ओळखलं. मी त्याला नववीत शिकवलं होतं. "टीचर, तुमी खेळटात?" एवढंच विचारलं त्याने आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

आधी डेकची यादी लिहून द्यायची, साठ अधिक साइडबोर्डचे पंधरा. साइडबोर्ड म्हणजे पहिला डाव झाल्यावर समोरचा काय खेळतो ते पाहून अदलाबदलीसाठी ठेवलेले पत्ते. मग आयोजकाने डेक तपासले. माझा गठ्ठा त्याने टेबलावर ठेवला, डोळा टेबलाच्या पातळीवर आणला आणि बोटाने हलकेच दाबला. गठ्ठा एका जागी उघडा पडत होता. चौथा बॅटल स्क्रीच फॉइलचा होता, चमकणारा, भाच्याने वाढदिवसाला दिलेला. फॉइलचा पत्ता दमट हवेत वाकतो, आणि आमच्याकडे श्रावणात कपाटातली चप्पलसुद्धा हिरवी होते. प्लास्टिकची दुहेरी स्लीव्ह घालूनही तो धनुष्यासारखा झाला होता. असा पत्ता न बघताच ओळखता येतो, म्हणून चालत नाही. खुणेचा पत्ता ठरतो. मला ते पटलं, पण छातीत धस्स झालं, कारण बदली नव्हता. पत्ता नसेल तर त्या जागी साधी लँड घालावी लागली असती.

दंतवैद्यांनी बॅग उघडली, फोल्डर काढलं, चार-पाच पानं उलटली आणि एक साधा बॅटल स्क्रीच माझ्यापुढे धरला. "संध्याकाळी द्या." आमची ओळख नव्हती. पुढच्या दोन-तीन तासांत आम्ही समोरासमोरही आलो असतो. तरी दिला.

फेऱ्या स्विस पद्धतीच्या, चार. कुणी बाद होत नाही, प्रत्येक फेरीत साधारण आपल्याइतकेच गुण असलेल्याशी गाठ पडते. तीन डावांत दोन जिंकायचे, वेळ पन्नास मिनिटं. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक.

पहिली फेरी वास्कोच्या बारावीतल्या मुलाशी. तो पूर्ण लाल, नुसती आग. पाचव्या खेपेला माझं आयुष्य चारवर आलं आणि तो तीन गॉब्लिन घेऊन चालून आला. माझ्या हातात प्रिझमॅटिक स्ट्रँड्स होता. एक रंग पुकारायचा, त्या रंगाने होणारी सगळी इजा त्या खेपेपुरती थांबते. मी "लाल" म्हटलं. त्याच्याकडे लालशिवाय काहीच नव्हतं. पुढच्या खेपेला तोच पत्ता ग्रेव्हयार्डमधून पुन्हा, एक पाखरू आडवं करून. त्या दोन खेपांत माझी पाखरं चार झाली. त्याचं आयुष्य आठ, चार पाखरं आणि एक रॅली म्हणजे बारा. दुसरा डावही मीच घेतला. जाताना त्याने खंड्यांचा फोटो काढला.

दुसरी फेरी निळ्या डेकशी, आणि ती मी हरले. पण आजही सगळ्यात जास्त तीच आठवते. निळ्याकडे काउंटरस्पेल असतो, दोन माना देऊन तो तुमचा पत्ता हवेतच रद्द करतो. पहिल्या डावात चौथ्या खेपेला मी बॅटल स्क्रीच टाकला. माझ्यासमोर एकच पांढरा प्राणी होता आणि त्याच्या दोन लँड उभ्या होत्या. त्याने रद्द केला. रद्द झालेला पत्ताही ग्रेव्हयार्डमध्येच जातो. माझ्याकडे तीन पांढरे प्राणी असते तर तो तिथूनच लगेच उठवला असता आणि त्याला दुसरा काउंटर शोधावा लागला असता. एक-दोन खेपा थांबायला हवं होतं. माझ्या पुढच्या दोन प्राण्यांना त्याने येऊच दिलं नाही आणि मग टोलेरियन टेरर आला, ५/५ चा. चार घावांत वीस.

टेररवर मी जर्नी टू नोव्हेअर टाकला होता, तो प्राण्याला खेळाबाहेर करतो. पण टेररला 'वॉर्ड २' आहे. त्याला लक्ष्य केलं की वर दोन माना भरायचा, नाहीतर परिणाम होत नाही. माझ्याकडे उरला नव्हता. जर्नी तसाच टेबलावर पडून राहिला, मोडक्या कुलपासारखा.

दुसऱ्या डावात तेच घडलं, पण या वेळी मी ते मुद्दाम घडू दिलं. जर्नी टाकला, वॉर्डने निष्फळ केला, आणि पुढच्या खेपेला कोर स्कायफिशर आणला. स्कायफिशर २/३ चा, उडता, दोन मानात इतका चांगला प्राणी मिळतो कारण तो येताना तुमचीच एखादी वस्तू टेबलावरून हातात परत घ्यावी लागते. बहुतेक वेळा मी त्याने विंड-स्कार्ड क्रॅग ही लँड उचलते, पुन्हा टाकली की एक आयुष्य वाढतं. इथे मी पडून असलेला जर्नी उचलला. त्यानंतरच्या माझ्या खेपेला चार माना जुळले, दोन जर्नीचे, दोन वॉर्डचे. त्याच्या लँड सगळ्या आडव्या होत्या. टेरर गेला. समोरच्याने पत्ते खाली ठेवले आणि म्हणाला, "हें बरें." तो डाव माझा. तिसऱ्यात मला लँडच लँड येत गेल्या, बावीस केल्याचंही मोल असतंच. पण जर्नी आणि स्कायफिशरची ती जोडी मला कुठल्या यादीने सांगितली नव्हती. जूनमध्ये टेबलावर पत्त्यांना विचारत बसले होते तेव्हा ती दिसली होती, म्हणून वेळेवर आठवली.

मधल्या सुट्टीत खाली उतरून पातळभाजी-पाव आणि मिरच्या. भाच्याचा एक विजय, एक हार. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि आत मुलं एकमेकांना आपापले डेक उलगडून दाखवत होती, लग्नघरात साड्या दाखवाव्यात तशी.

तिसऱ्या फेरीत एल्व्जचा हिरवा डेक समोर, आणि एक वाद झाला. मी बॅटल स्क्रीच टाकला, दोन खंड्ये मांडले, आधीचा एक पांढरा प्राणी, थ्रेबेन इन्स्पेक्टर, होताच, तिघांना आडवं करून लगेच पत्ता पुन्हा वापरला. समोरचा मुलगा म्हणाला, थांबा, पाखरं आत्ताच आलीत, ती आडवी कशी होतील? त्याचा प्रश्न रास्त होता. त्याचे लॅनोवार एल्व्ज ज्या खेपेला येतात त्या खेपेला माना देऊ शकत नाहीत, हे तो पहिल्या दिवसापासून शिकलेला. आयोजकाला बोलावलं. त्याने नियम वाचून दाखवण्याऐवजी त्या मुलाच्याच समोरचा बर्चलोअर रेंजर्स उचलला. "याच्यासाठी तू दोन एल्व्ज आडवे करतोस ना? नुकते आलेलेही चालतात ना?" मुलगा क्षणभर पत्त्याकडे बघत राहिला. फरक असा की नव्या प्राण्याला हल्ला करता येत नाही आणि स्वतःच्या टॅपच्या चिन्हाची क्षमता वापरता येत नाही, पण दुसऱ्या कशाची किंमत म्हणून त्याला आडवं करता येतं. "सॉरी हां टीचर," मुलगा म्हणाला. माझं टीचरपण एव्हाना खोलीभर पसरलं होतं. सॉरी म्हणायचं काही कारणच नव्हतं. वर्गात असा प्रश्न विचारणारा मुलगा मला दर वर्षी एक तरी हवा असतो.

तो डाव मी जिंकले, दुसरा त्याने घेतला, आणि तिसऱ्यात साइडबोर्डमधून आलेली इलेक्ट्रिकरी कामी आली. तीन माना भरले की समोरच्याच्या प्रत्येक प्राण्याला एक इजा. त्याचे पाच एल्व्ज एकदम गेले.

चौथी फेरी दंतवैद्यांशीच पडली. त्यांचा डेक उर्झाच्या तीन लँडचा, त्या तिन्ही जमल्या की सात माना. सावकाश, भक्कम खेळणारा माणूस. एक डाव त्यांचा, एक माझा. तिसऱ्यात त्यांच्याच मालकीचा स्क्रीच माझ्या हातात आला. मी तो खेळताना "तुमचीच पाखरं," म्हटलं, तेव्हा ते मान हलवून म्हणाले, "आज तुमची." त्यांची खेप चालू असतानाच वेळ संपली. मग फक्त पाच जादा खेपा, तीन माझ्या, दोन त्यांच्या. पहिल्या हल्ल्यात मी त्यांना तीनवर आणलं. दुसऱ्या हल्ल्याला त्यांनी मोमेंट्स पीस टाकला, त्या खेपेची सगळी लढाईची इजा रद्द. हात रिकामा झाला त्यांचा. पण मोमेंट्स पीसही ग्रेव्हयार्डमधून उठतो, माझ्याच पत्त्यांसारखा. शेवटच्या खेपेला चार खंड्ये पुढे सरकवताना मला ते दिसत होतं, पत्ता वर तोंड करून पडलेला, आणि माझ्याकडे त्याला हात लावायला काही नव्हतं. त्यांनी तीन लँड आडव्या केल्या. बरोबरी.

सात गुण, पाचवा नंबर, नव्या पत्त्यांचं एक बूस्टर पाकीट. स्क्रीच स्लीव्हमधून काढून, पुसून त्यांना परत केला. त्यांनी फोल्डरमध्ये त्याच्या जागी ठेवला आणि मला माझ्या वाकलेल्या फॉइलवर काही दिवस जाड पुस्तकं ठेवून बघायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये वही काढली. ग्रेव्हयार्ड रिकामं करणारा रेलिक ऑफ प्रोजेनिटस मी विचार करून साइडबोर्डबाहेर ठेवला होता. तो एका झटक्यात दोघांचीही ग्रेव्हयार्ड साफ करतो, आणि माझा स्क्रीच, माझी रॅली, माझा स्ट्रँड्स तिथेच तर असतात. समोरच्याचा एकेक पत्ता घालवायची सोय त्यात आहे, पण कुठला घालवायचा हे समोरचाच ठरवतो. शेवटच्या खेपेला मला नेमका तो एक पत्ता हवा होता.

"फेअरी मॅकाब्र," जुन्या गोव्याच्या जवळपास भाचा अचानक म्हणाला. तो झोपलाय असं मला वाटत होतं. "काळा पत्ता आहे, पण तो खेळायचाच नाही, हातातून टाकून द्यायचा. माना नको. कुणाच्याही ग्रेव्हयार्डमधले दोन पत्ते, तू म्हणशील ते."

मी लिहून घेतलं. दोन फेअरी मॅकाब्र. पंधराच जागा, म्हणजे दोन बाहेर. आर्टिफॅक्ट, म्हणजे यंत्रं-वस्तूंचे पत्ते, घालवणाऱ्या डस्ट टू डस्टचे तीन पत्ते दिवसभरात एकदाही लागले नव्हते, पण लागले नाहीत एवढ्यावरून काढायचे का? चौदाजणांत कुणी आर्टिफॅक्टचा डेक आणला नाही, पुढच्या वेळी कुणी आणेल. त्यांच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं आणि बाणस्तारी येईपर्यंत आम्ही दोघं त्या प्रश्नचिन्हाकडेच बघत होतो.